दोन ठोके

मला हरता येत नाही. जिंकताही फार सभ्यपणे येत नाही, पण जिंकणाऱ्याचं लोक चालवून घेतात. जेवताना पाय हलवणं, खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलणं, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्याला उत्तर देणं या माझ्या जुन्या खोडी. आई म्हणायची, ह्याला बसायला पाट दिला तर हा पाट घेऊन फिरेल. अशा माणसाने बुद्धिबळाच्या नादी लागू नये. मी लागलो.

ऐंशीच्या दशकात, कॉलेजात असताना, कल्याणला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी खेळायला जायचो. चार टेबलं, लाकडी पट आणि दोन घड्याळं, त्यातलं एक मागे पडणारं. तिथे खाडीकाठच्या गावातले एक कोळी गृहस्थ यायचे. रेल्वेत नोकरी, हातावर गोंदलेलं, आणि खेळताना डोळे मिटून बसायची सवय. आम्ही सगळे त्यांच्याकडूनच शिकलो. खेळापेक्षा त्यांनी रीत जास्त शिकवली. डाव गेला की "हरलो" म्हणायचं नाही. आपला राजा पटावर आडवा ठेवायचा, हात पुढे करायचा आणि म्हणायचं, "डाव तुमचा." मग सोंगट्या डब्यात भरायच्या, त्याही हरणाऱ्यानेच. तेवढा वेळ जिंकणाऱ्याने गप्प बसायचं. "तिथे घोडा काढायला हवा होतात" असलं शहाणपण शिकवायचं नाही. आणि समोरचा उठल्याशिवाय आपण उठायचं नाही.

एकदा तिथे एका बँकेतल्या कारकुनाने मला पुरतं अडकवलं. हत्ती गेला होता, राजा कोपऱ्यात, पाच-सहा खेळ्यांत मात दिसत होती. मी पाणी पिऊन येतो म्हणालो, चपला घातल्या आणि थेट स्टेशनच्या वाटेला लागलो. ते कोळी गृहस्थ मागून आले. धावत नाही, चालतच, पण त्यांनी मला गाठलं.

"हरलास त हरलास. पलतस कशाला?" ते म्हणाले. "तो बसलाय तिथं. घड्याल चालू हाय."

मी परत गेलो नाही. नंतर कळलं, कारकून माझं घड्याळ संपेपर्यंत पाऊण तास रिकाम्या खुर्चीसमोर बसून होता. त्यानंतर त्या खोलीत पाय ठेवायला मला तोंड राहिलं नाही. पुढे नोकरी, लग्न, पोरं यांत बुद्धिबळ सुटलं. सुटलं म्हणण्यापेक्षा मीच ते सोडून दिलं.

ते परत आलं नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, टेलिफोनच्या तारेतून.

मी तेव्हा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनला होतो. डोंबिवलीत कोपरच्या बाजूला आम्हा दोघा भावांची एकमेकांना लागून दोन घरं होती, मध्ये एक भिंत. फोन एकच. वडिलांनी अर्ज करून ठेवला होता, तो फोन आला तेव्हा वडील नव्हते. मग यंत्र माझ्याकडे बसलं आणि दादाकडे त्याची पॅरलल लाइन गेली. म्हणजे एकाच तारेवर दोन फोन. एकाने उचलला की दुसऱ्याला सगळं ऐकू यायचं. कारखान्यात जुने कॉम्प्युटर काढले त्यातला एक मी घरी आणला, इंटरनेटचं कनेक्शन घेतलं, आणि एका संध्याकाळी मला शोध लागला की जगभरची माणसं तारेवरून बुद्धिबळ खेळताहेत. पट पडद्यावर, घड्याळ पडद्यावर, खाली एक ओळ बोलण्यासाठी. समोर चेहरा नाही. म्हणजे माझ्यासारख्याला सोन्याहून पिवळं, असं मला वाटलं.

तसं ते नव्हतं. तिथेही रीती होत्या आणि त्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या. डाव सुरू करताना नमस्कार करायचा, संपल्यावर चांगला झाला म्हणायचं, मग तो कितीही वाईट झालेला असो. बरोबरी एकदा मागावी, नाही म्हटलं की पुन्हा पुन्हा टोचू नये. हरतोय दिसलं की घड्याळ चालू ठेवून बसून राहू नये. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हरताना लाइन तोडून पळणं. लाइन तुटली की डाव तसाच साठवून ठेवला जायचा, दोघं पुन्हा आले की पुढे सुरू. पळणारा पुन्हा यायचाच नाही. अशा लोकांची नावं प्रत्येक जण स्वतःच्या यादीत टाकायचा. यादीतल्या माणसाने खेळायला बोलावलं तर यंत्रच परस्पर नाही म्हणून सांगायचं.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. ड्रॉइंगवर आम्ही सगळं इंग्रजीच्या मोठ्या, कॅपिटल अक्षरांत लिहायचो, हात तसाच बसलेला. समोर पोर्तुगालचा एक म्हातारा होता. मी मोठ्या अक्षरांत नमस्कार घातला, मोठ्या अक्षरांत विचारपूस केली. तीन खेळ्या झाल्यावर त्याने अत्यंत अदबीने विचारलं, "महाशय, माझ्याकडून काही चुकलं आहे का? आपण माझ्यावर का ओरडत आहात?" मोठी अक्षरं म्हणजे आरडाओरडा, हे मला माहीतच नव्हतं. मी घाईघाईने माफी मागितली, तीही मोठ्या अक्षरांतच. तो म्हातारा खूप हसला असावा. कारण दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन माझ्याशी खेळायला आला.

आमचं रोजचं होऊन बसलं. मी कारखान्यातून सातला पोचायचो, त्याची तेव्हा दुपारची जेवणं उरकलेली असायची. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे गैरसमजाला जागा भरपूर असूनही भांडणाला शब्द पुरायचे नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून तो निवृत्त झाला होता. बायको त्यांना पोर्तुगालचे काका म्हणायला लागली, मग मीही. त्यांना मी "डाव तुमचा" शिकवलं. हरले की ते रोमन अक्षरांत तेवढंच लिहायचे. ते क्वचितच हरायचे. मला ते रोज लिहावं लागायचं आणि लिहिताना दर वेळी माझ्या कानांच्या पाळ्या तापायच्या, पण लिहायचो.

"परक्या माणसाला काय गोड बोलता हो," बायको म्हणायची. "आणि घरात चहा जरा गार झाला तर कपाकडे बघून डोळे वटारता."

खरंच होतं ते. पण चेहरा न दिसणाऱ्या माणसाशी चांगलं वागणं मला सोपं जात होतं. घरातल्या माणसांना आपण माहीत असतो, त्यांच्यापुढे काय नाटक करणार?

या सगळ्यात अडचण होती आठ वाजताची. वहिनींचं माहेर शहाडचं. त्यांची आई आणि धाकटा भाऊ तिथे राहायचे. आईला विसरायला व्हायला लागलं होतं. जेवली का, ते आठवायचं नाही, कोण घरात आलं ते कळायचं नाही. पण मुलीचा आवाज कळायचा. रोज आठला भाऊ तिला खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे घेऊन यायचा, फोनजवळच्या खुर्चीत बसवायचा, आणि वहिनी इथून सांगायच्या, "आई, जेव आता." मग ती वर जाऊन जेवायची. फोन आला नाही तर ती खुर्चीतून उठायची नाही आणि जेवायची नाही. दादाची दुसरी पाळी असायची, त्यामुळे हे सगळं वहिनी एकट्या सांभाळायच्या.

सुरुवातीला तीनदा असं झालं की डाव ऐन रंगात असताना आठ वाजले, वहिनींनी पलीकडे फोन उचलला आणि माझी लाइन तुटली. पुन्हा जोडून जावं तर काका तिथेच थांबलेले. एकदा वीस मिनिटं थांबले होते. मी वहिनींचं आणि त्यांच्या आईचं सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मी आयुष्यभर लाइन जोडण्याचं काम केलं. लाइन जाते, हे मला कुणी समजावायला नको. आईचा फोन आधी." त्यानंतर ते रोज विचारायचे, आई जेवली का? आईचं आणि माझं नातं त्यांना काही उमगलं नव्हतं, ते तिला माझीच आई समजत. मी दोनदा दुरुस्ती केली, मग सोडून दिलं.

पण रोज रोज त्यांना ताटकळत ठेवणं बरं नव्हे म्हणून वहिनींनीच युक्ती काढली. फोन उचलण्याआधी त्या भिंतीवर लाटण्याने एक ठोका द्यायच्या. मी मोकळा असलो तर दोन ठोके द्यायचे, म्हणजे घ्या फोन. डाव चालू असेल तर एक, म्हणजे थांबा. थांबा म्हटलं तरी पाच मिनिटांवर थांबवायचं नाही, असं माझ्यावर बंधन होतं, आणि ते मी पाळत होतो. बहुतेक वेळा मी आठच्या आत डाव संपवायचो. आपली यंत्रणा फार छान चालली आहे, असं मी कारखान्यातही दोघातिघांना सांगितलं होतं.

एके दिवशी मी चिडूनच घरी आलो. ड्रॉइंगमध्ये माझी चूक निघाली होती आणि साहेबाने ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती. चहा न घेताच मी यंत्रासमोर बसलो. मला त्या दिवशी जिंकायचं होतं. साहेबाला तर हरवता येत नव्हतं, निदान काकांना तरी हरवावं. चांगली सुरुवात झाली, मी एक प्यादं वर होतो, आणि मग घाई केली. घाईच केली, दुसरं काही नाही. त्यांचा उंट मी पाहिलाच नाही. वजीर गेला. पुढचं सगळं शाळकरी पोरालाही दिसलं असतं. मी खुर्ची मागे-पुढे करत होतो, बायको आतून ओरडली की फरशी फुटेल. काकांनी काही लिहिलं नाही. जिंकत असताना ते गप्प राहायचे, जणू माझ्या कल्याणच्या खोलीतच वाढले होते.

आठ वाजले. भिंतीवर ठोका आला.

खरं उत्तर होतं एक. थांबा, मी दोन मिनिटांत "डाव तुमचा" लिहितो, मग घ्या. एवढंच करायचं होतं. माझ्या हातात पट्टी होती, स्टीलची, ड्रॉइंगची. मी पहिला ठोका दिला. आणि मग दुसरा दिला.

कट्. पडदा तसाच राहिला, पण खाली ओळ आली की संपर्क तुटला आहे. मला किती बरं वाटलं ते कसं सांगू? छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं हलकं वाटलं. हरलो नव्हतो. लाइन गेली होती. लाइन जाते.

पाच-सात मिनिटांनी वहिनी दारात. कणकेचे हात, चेहरा कावराबावरा. मशीन चालू असताना फोन उचलला की रिसीव्हरमध्ये चर्र असा आवाज यायचा. तो त्यांनी ऐकला होता.

"अहो भाऊजी, मशीनचा आवाज आला फोनमध्ये. डाव चालू होता का? तुम्ही दोन वाजवलेत ना?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"एकच वाजवलं होतं मी," मी म्हणालो.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. असं का बोललो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. म्हणता आलं असतं की चुकून वाजले दोन. त्यात काही गेलं नसतं. पण मी चुकलो हे त्या दिवशी एकदा सगळ्यांसमोर ऐकून झालं होतं, आणि पुन्हा ते स्वतःच्या तोंडाने, घरात, दोन बायकांसमोर म्हणायची माझी तयारी नव्हती. वहिनींनी कणकेचे हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "बरं. माझं ऐकण्यात चुकलं असेल." आणि गेल्या.

"लक्ष नसतं हल्ली त्यांचं," मी बायकोला म्हणालो. ही दुसरी थाप, आणि ती तर कुणी मागितलीही नव्हती.

त्या संध्याकाळी मी पुन्हा जोडून गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सातला नाही गेलो, दहाला गेलो, काका नसतील अशा बेताने, आणि त्यांच्यासाठी निरोप ठेवला. वहिनींनी फोन उचलला, त्यांची आई फार आजारी आहे, घरात गडबड आहे, डाव राहिला त्याबद्दल क्षमस्व. आई होती तशीच होती. मी तिला आजारी पाडलं.

तीन-चार दिवस मी यंत्राला हातच लावला नाही. पण चैनही पडेना. कारखान्यात एकाच ड्रॉइंगवर दोनदा तेच माप लिहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. बायकोने नुसतं विचारलं, आज काका नाहीत का, तर मी तिच्यावर खेकसलो. पाचव्या दिवशी राहवलं नाही. सातला बसलो. काका नव्हते, पण त्यांचा निरोप होता.

त्यांनी लिहिलं होतं की आईची बातमी वाचून वाईट वाटलं. अशा वेळी घरच्या माणसांच्या डोक्यावर अर्धवट डावाचं ओझं नको. म्हणून तो डाव त्यांनी आपल्याकडून संपवला आहे. भावाच्या बायकोला सांगा, तिने अजिबात वाईट वाटून घेऊ नये, आईचा फोन आधी. आणि शेवटी रोमन अक्षरांत, "डाव तुमचा."

मी साठवलेल्या डावांच्या यादीत पाहिलं. साठवलेल्या डावातून समोरचा हजर नसतानाही माघार घेता येते, हे मला माहीत होतं. पण जिंकलेल्या डावातून कुणी घेईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वजीर वर असलेला माणूस हरला होता. माझ्या नावापुढचा गुणांचा आकडा सहा-सातने वाढला होता. तो वाढलेला आकडा पडद्यावर स्वच्छ दिसत होता आणि मला तो बघवेना. ते परत करायची तिथे काही सोय नव्हती. मी यंत्र बंद केलं, चालू केलं, पुन्हा निरोप वाचला, पुन्हा बंद केलं. मग घरात बसवेना म्हणून भाजी आणतो सांगून खाली उतरलो.

कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीला लागून पीसीओ होता, लाल डब्याचा फोन. तिथे पाच-सहा माणसांची रांग होती आणि रांगेत चौथ्या नंबरवर वहिनी उभ्या होत्या. मुठीत नाणं. गिरणीतल्या घड्याळात सव्वाआठ वाजले होते.

"वहिनी, तुम्ही इथे? घरचा फोन बंद आहे का?"

"नाही हो. म्हटलं, तुमचं चालू असेल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गेले चार दिवस आठला भिंतीवर ठोका आलाच नव्हता. आणि मला ते जाणवलंही नव्हतं. जाणवलं नव्हतं हेही खरं नाही. ठोका आला नाही याचं मला रोज थोडं बरंच वाटत होतं, आणि का आला नाही हे मी विचारलं नव्हतं.

"रोज इथे येता?"

"त्या दिवसापासून."

फोनवर एक गृहस्थ कुणाच्या तरी साखरपुड्याचा मेनू ठरवत होते. श्रीखंड की बासुंदी, यावर अडलं होतं. ते मोठ्याने हसत होते, आणि मला त्यांच्या हातातला रिसीव्हर ओढून घ्यावासा वाटत होता. तिकडे शहाडला एक म्हातारी शेजाऱ्यांच्या खुर्चीत बसलेली होती. "तो बसलाय तिथं, घड्याल चालू हाय." इतक्या वर्षांनी ते वाक्य मला ऐकू आलं, आणि पायाखालचा रस्ता तोच स्टेशनचा आहे असं वाटलं. या खेपेला मी निघून गेलो नाही, एवढंच.

"वहिनी," मी म्हणालो, "मी दोनच वाजवले होते."

रांगेतला मागचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. वहिनींनी मान वळवलीसुद्धा नाही.

"मला माहितीये."

"म्हणजे?"

"कुकरच्या शिट्ट्या मोजत संसार केला मी, भाऊजी. एक आणि दोन मला कळत नाहीत?"

"मग त्याच दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही तोंडावर सांगितलंत. तुमच्या घरात उभी होते, तुमच्या बायकोसमोर. मी खरी की तुम्ही, असा तमाशा करू?"

मी डाव, वजीर, साहेब, सगळं एका दमात सांगायला लागलो. काकांचा निरोपही सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. पुढची माणसं जरा जवळ सरकली, तशा त्याही सरकल्या.

"बिचारे," त्या काकांबद्दल म्हणाल्या. माझ्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत.

"आता वर चला. घरून करा फोन. मी मशीनला हात लावत नाही."

"नको. आता नंबर आलाच."

"वहिनी, प्लीज."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, मी उलट चार शब्द बोललो असतो.

"दोनाचं एक होतं त्या भिंतीवर मी कशाला वाजवू? उद्या एकाचं दोन कराल. मला आईला जेवायला घालायचं असतं हो. इथे उशीर होतो, पण माझ्यापुढे किती जण आहेत ते दिसतं तरी."

श्रीखंडवाले गृहस्थ एकदाचे बाहेर आले. मग एक बाई, मग एक मुलगा, मग वहिनी. मी तिथेच उभा होतो. त्यांनी नाणं टाकलं, नंबर फिरवला, तिकडून शेजाऱ्यांनी उचलला असावा. "हो, द्या." थोडं थांबल्या. आणि मग अगदी लहान मुलीच्या आवाजात, गिरणीच्या घरघरीवरून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "आई, जेव आता."

भाजी न घेताच मी घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि ताट वाढायला गेली. मग मी यंत्रासमोर बसून काकांना लिहिलं. वहिनींचं काही चुकलं नव्हतं, त्यांच्या आईला काही झालेलं नाही, मी हरत होतो म्हणून लाइन मीच तोडायला लावली. डाव तुमचा होता आणि तुमचाच आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून इंग्रजी जमेल तितकं सरळ लिहिलं.

उत्तर आठवड्याने आलं, दोन ओळींचं. सांगितल्याबद्दल आभारी आहे. मी लाइनवर विश्वास ठेवला होता. भावाच्या बायकोला आणि तिच्या आईला माझा नमस्कार कळवा.

दुसऱ्या संध्याकाळी ते हजर दिसले. मी नमस्कार घातला, त्यांनी नमस्कार केला. मी खेळायला बोलावलं. यंत्राने परस्पर सांगितलं की मी त्यांच्या यादीत आहे. पुढेही कधी समोरासमोर आलो की ते पहिल्यांदा नमस्कार करायचे, आई कशी आहे विचारायचे. खेळले मात्र कधीच नाहीत.

मी यंत्र पावणेआठला बंद करायला लागलो. भिंत गप्पच होती. मी आठ वाजता पट्टी हातात घेऊन बसायचो, बायको हसायची. दहा-बारा दिवसांनी एका संध्याकाळी ठोका आला. मी खुर्चीतून उडालोच. नंतर कळलं, पीसीओवाला गावी गेला होता आणि दुकान बंद होतं. तेव्हा ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, मिटलं. मी पट्टीने दोन ठोके दिले, नीट, मध्ये अंतर ठेवून.

फोन उचलल्याचा आवाज आला नाही. माझ्याकडचा फोन अशा वेळी बारीक टिंग करायचा, ते झालं नाही. मी वाट बघत राहिलो. मग भिंतीवर पुन्हा एक ठोका आला. त्या पुन्हा विचारत होत्या.

मी पुन्हा दोन दिले. मग टिंग झालं.

पीसीओवाला परत आल्यावरही वहिनी घरूनच फोन करायला लागल्या. दोन वर्षांनी दादाचं स्वतंत्र कनेक्शन आलं, तोवर रोज आठला तसंच चाललं. यंत्र बंद आहे हे त्यांना माहीत असायचं, कधीकधी मीच जिन्यात सांगितलेलं असायचं. त्यांचा एक, माझे दोन, त्यांचा पुन्हा एक, माझे पुन्हा दोन. वहिनी माझ्याशी पूर्वीसारख्याच हसायच्या, सणाला ताट पाठवायच्या, माझ्या पोरांना माझ्याहून जास्त समजून घ्यायच्या. पण पहिल्या दोन ठोक्यांवर त्यांनी फोन कधीही उचलला नाही.